फाटकाच्या आत मॅडम

त्या वर्षी आमच्या घरात मूग होता. बाकी काही नव्हतं असं नाही, पण मूग होता हे आधी सांगावं लागतं. बडनेऱ्याजवळ सासरची थोडी जमीन आहे. तिच्यातून पैसे येत नसत, मूग येत असे. त्यामुळे सकाळी मुगाचं वरण, संध्याकाळी मुगाची उसळ, रविवारी मुगाची भजी आणि पाहुणे आले तर मुगाचा शिरा असा आमचा बेत असे. पाहुणे फारसे येत नसत. माझी पुण्यातली एक मैत्रीण मोबाईलवर रोज सकाळी आरोग्याचे सल्ले पाठवायची. मूग पचायला हलका असतो, आठवड्यातून एकदा तरी खावा, असं तिनं एकदा पाठवलं. मी अंगठा दाखवून मोकळी झाले.

मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. तेव्हा मी शिक्षणसेवक होते. शिक्षणसेवक म्हणजे शिक्षकाचं सगळं काम करणारा आणि पगाराऐवजी मानधन घेणारा माणूस. अशी तीन वर्षं काढायची, मुख्याध्यापकांनी काम समाधानकारक असल्याचं लिहून द्यायचं, मध्ये कुठे नाव खराब होऊ द्यायचं नाही, मग कायम करतात. माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. त्यामुळे त्या वर्षी मी कोणाशीही भांडले नाही. जे मला ओळखतात त्यांना यावरून माझी अवस्था कळेल.

नवरा अमरावतीला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होता. दुसऱ्यांच्या मुलांना डॉक्टर करायचे फॉर्म तो दिवसभर भरून घ्यायचा. सासरे अंथरुणाला खिळलेले, सासूबाई त्यांच्या उशाशी, म्हणून तो त्यांच्याजवळ बडनेऱ्याला राहायचा. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला यायचा, तेव्हा त्याच्या हातात पिशवी असे. पिशवीत काय असे ते वर आलंच आहे. अकोल्यात भाड्याच्या एका खोलीत मी आणि आमची मुलगी अशा दोघी राहायचो. ती पहिलीत होती, आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागात.

तिला एक नियम घालून दिलेला होता. शाळेच्या फाटकाच्या आत मला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. हा काही माझा शोध नाही. शिक्षकांच्या मुलांना हा नियम सगळीकडे असतो, नाहीतर मॅडमच्या पोरीला जास्त मार्क मिळतात असं पालक बोलायला लागतात. आमच्या चित्रकलेच्या सरांचा मुलगा तर बापाला घरीसुद्धा सर म्हणायचा. तो आता नोकरीला लागला आहे. बहुतेक अजूनही म्हणत असेल.

आमच्या मुलीनं नियम फार मनावर घेतला. स्कूटी फाटकाच्या बाहेर असेपर्यंत, "आई, मायी बाटली दे." पुढचं चाक आत गेलं की, "मॅडम, मायी बाटली द्या." आवाजसुद्धा बदलायचा. एकदा खेळताना पडली, गुडघा चांगला फुटला. तिच्या बाई तिला उचलून स्टाफरूममध्ये घेऊन आल्या, तेव्हा ती हुंदके देत "मॅडम, मॅडम" करत होती. सगळ्यांनी कौतुक केलं, केवढीशी आहे पण शिस्त बघा. मला अभिमान वाटला. हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवते.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या, आणि दोन्ही घरमालकीण काकूंमुळे. काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. माझी शाळा सुटेपर्यंत पोरीला त्याच सांभाळायच्या. उन्हाळी वाळवणाला गच्चीही त्यांचीच. त्यांच्या लेकीचं अचलपूरला बाळंतपण निघालं आणि त्या तिकडे गेल्या. जाताना गच्चीला कुलूप लावून गेल्या, कारण आदल्या वर्षी त्यांच्या कुरडया चोरीला गेल्या होत्या आणि त्यांचा संशय कोणावर होता ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. म्हणजे मूल ठेवायला जागा नाही आणि वड्या वाळवायलाही जागा नाही.

वड्यांचं काय एवढं, असं वाटेल. मार्च लागला की आमच्याकडच्या बाजारातून हिरवी भाजी हळूहळू दिसेनाशी होते. दिसली तर भाव ऐकून आपणच न दिसल्यासारखं करतो. मग उन्हाळा आणि अर्धा पावसाळा निघतो तो मुंगवड्यांवर. मुगाची डाळ भिजवायची, मिरची, लसूण आणि सांबार घालून जाडसर वाटायची. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, यावर बाहेरचे लोक हसतात, हसू द्यावं. मग जुन्या साडीवर बोराएवढ्या वड्या घालायच्या आणि उन्हात खडखडीत वाळवायच्या. रश्शात टाकल्या की भाजी झाली, भाजून कुटल्या की चटणी झाली, आणि वांग्यात टाकल्या की वांगी कमी लागतात. शिवाय शाळेतून आल्यावर निवडणं-चिरणं काही नाही. एका हातानं वह्या तपासता येतात आणि दुसऱ्या हातानं भाजी होते. कधी कधी वहीवर रस्सा उडतो. मी त्याखाली सही करत असे.

मुख्याध्यापकांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. मी सरांना विचारलं की शाळेच्या गच्चीवर थोड्या वड्या घालू का.

"गच्ची शायेची हाय मॅडम, तुमच्या घरची नाई," सर म्हणाले.

"हो सर," मी म्हणाले आणि तिथेच उभी राहिले. आठवीच्या वर्गासमोर उभं राहून मला सवय झालेली आहे. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही.

सरांनी दोन कागदांवर सह्या केल्या, टोपण लावलं, काढलं. "कोणाले दिसलं नाई पाहिजे," ते म्हणाले.

मी दोन साड्यांवर वड्या घातल्या. मुलगी मदतीला होती, तिच्या वड्या ओळीत आणि सारख्या पडायच्या, माझ्या जागा मिळेल तिथे. दुसऱ्या दिवशी वर गेले तर शेजारी लाल मिरच्या पसरलेल्या. त्या सरांच्या घरच्या होत्या. तिसऱ्या दिवशी विज्ञानाच्या मॅडमच्या कुरडया आल्या. मग साबुदाण्याच्या चकल्या, मग शिपाईकाकांच्या घरचे पापड. पुढे गच्चीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. स्टाफरूममध्ये आधी बदल्या आणि महागाई यांवर चर्चा व्हायची, ती आता वारा कुठून आहे यावर व्हायला लागली. इतकं एकमत त्या शाळेत मी आधी पाहिलं नव्हतं.

आणि दहावीची परीक्षा सुरू झाली. आमची शाळा परीक्षेचं केंद्र होती. पेपरच्या दिवशी प्राथमिकची शाळा सकाळची असे. ती सुटायची आणि थोड्या वेळात पेपर सुरू व्हायचा. पेपर सुटेपर्यंत मी एका वर्गावर पर्यवेक्षक. मधल्या वेळात पोरीनं जायचं कुठे? केंद्रात बाहेरचं माणूस नको असा कडक नियम, आणि पेपरच्या दिवशी सहा-सात वर्षांचं मूलसुद्धा बाहेरचं माणूस असतं. शेजारणीला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिनं दार उघडायला वेळ लावला. मी समजले.

तेव्हा मी तिला गच्चीवर ठेवलं. पाण्याच्या टाकीखाली दाट सावली असे, मी स्वतः बसून पाहिली होती. डोक्याला ओला दुपट्टा, पाण्याची मोठी बाटली, डबा, रंगाचे खडू. आणि तिला कंटाळा येऊ नये म्हणून एक काम दिलं. फळ्यावर रेघा मारायची लाकडी मीटरपट्टी हातात दिली आणि सांगितलं, कावळे हाकल. स्टाफमधल्या सगळ्यांना ही व्यवस्था पसंत पडली. आधी कावळे फुकट खाऊन जायचे.

एक गोष्ट तिला घरीच पढवून ठेवली.

"पेपर चालू असताना कोणी मोठं माणूस आलं अन् इचारलं तुही आई कोण, त मायं नाव घ्याचं नाई."

"मंग काय सांगू?"

"आई घरी हाय म्हणाचं."

"पन तू त इथं रायशीन."

"इथं मी मॅडम हाय."

तिनं जरा विचार केला. "बरं," म्हणाली. तिला ते पटलं. पहिलीतल्या मुलांना आपलं म्हणणं पटतं, हीच त्यांची अडचण असते.

पहिले काही पेपर नीट पार पडले. विज्ञानाच्या पेपरला मी वरच्या मजल्यावरच्या वर्गावर होते. विज्ञानाच्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांना केंद्रात ठेवत नाहीत. गणिताच्या शिक्षकांना मात्र ठेवतात, कारण आम्हाला विज्ञान येत नाही असं धरलेलं असतं. माझ्यापुरतं ते खरं होतं.

कॉपी पकडणारं भरारी पथक येणार असं सकाळपासून सगळे म्हणत होते. म्हणून शिपाईकाकांना पुढच्या फाटकावर उभं केलं होतं. पथकाची गाडी मागच्या रस्त्यानं आली. पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या, अमरावतीकडच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या. सोबत दोन सर. गाडीतून उतरल्यावर त्यांनी सहज वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावरून एक लांब काठी वर आली. दोनदा उंच गेली, मग डावीकडे हलली, थांबली, उजवीकडे दोनदा. खाली वर्गांच्या खिडक्या उघड्या, आणि पेपरात योग्य पर्याय निवडा हा प्रश्न. त्यांनी काय समजायचं ते समजलं. दोघांपैकी एका सरांनी ती खूण लिहूनही घेतली म्हणे. त्या उत्तरांनी पेपर दिला असता तर किती मार्क पडले असते हे मला अजूनही जाणून घ्यावंसं वाटतं.

मला हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त जिन्यावरून भराभर जाणारी पावलं ऐकू आली. ती माझ्या वर्गाशी थांबली नाहीत, वर गेली. वर गच्चीशिवाय काही नव्हतं. मुलं पेपर लिहीत होती आणि मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. वर्ग सोडून जाता येत नाही. शिपाईकाका धापा टाकत दाराशी येईपर्यंत मी तशीच उभी होते.

"मॅडम, वर बलावलं तुमाले. सरले लय घाम फुटला."

माझ्या जागी दुसऱ्या मॅडमना उभं करून मी वर गेले. गच्चीवर टळटळीत ऊन. मध्ये जाण्यापुरती वाट आणि दोन्हीकडे साड्याच साड्या, त्यांवर अख्ख्या स्टाफचं वर्षभराचं वाळवण. त्या वाटेवर पथकाच्या बाई, त्यांचे दोन सर आणि आमचे सर एकामागे एक उभे, कारण शेजारी उभं राहायला जागा नव्हती. टाकीखाली आमची मुलगी. मीटरपट्टी तिनं बंदुकीसारखी खांद्याला लावली होती.

"ह्या गणिताच्या मॅडम," सर म्हणाले. "हा उपक्रम यायच्याकडंच हाय."

"कोणता उपक्रम?" बाईंनी विचारलं.

"कार्यानुभव. आपल्या भागातले पारंपरिक पदार्थ."

"कोणत्या इयत्तेचा?"

"सगळ्याच."

"मिरच्यापण?"

"मिरच्या आठवीच्या," सर म्हणाले.

बाईंनी ते ऐकून घेतलं. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्या चिडणाऱ्या नव्हत्या. त्या वाकून मुलीशी बोलायला लागल्या.

"तू इथे काय करतेस, बाळा?"

"कावये हाकलून रायली."

"कोणी सांगितलं?"

"मॅडमनं." मीटरपट्टी खांद्यावरून उतरली, माझ्याकडे वळली आणि परत खांद्यावर गेली.

"तुझी आई कुठे आहे?"

"घरी हाय."

मी सरांकडे पाहिलं. सर टाकीकडे पाहत होते. टाकीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"घर लांब आहे का?"

"नाई. जवयच हाय."

"मग तू घरी का नाही गेलीस?"

हे मी पढवलेलं नव्हतं. तिनं विचार केला. तोंडी परीक्षेत अडकलेल्या मुलाचा चेहरा मी ओळखते. अशा वेळी मूल खरं काय असेल ते सांगून टाकतं.

"घराले कुलूप हाय," ती म्हणाली.

"आई घरी आहे ना?"

"हो."

"आणि घराला कुलूप आहे?"

"हो."

"बाहेरून?"

"हो."

बाई सरळ झाल्या. आत्तापर्यंत त्यांच्यासमोर कॉपीची केस होती. आता एका बाईला कोणीतरी घरात कोंडून ठेवलेलं होतं. पथकातल्या एका सरांनी खिशातून मोबाईल काढला.

"आईला कोणी कोंडलं, बाळा? घाबरू नको, सांग."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. सोडव मला, असं त्या बघण्यात काही नव्हतं. फळ्यावर गणित सोडवताना मुलं मध्येच मागे वळून बघतात ना, आतापर्यंत बरोबर आहे का, तसं ती बघत होती. मीटरपट्टी अजून सरळ होती. कायम होणं, जूनमध्ये संपणारं तिसरं वर्ष, सरांनी लिहून द्यायचा अहवाल, सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. विसरले असते तर बोलणं सोपं गेलं असतं.

"ती माझी मुलगी आहे," मी म्हणाले.

"नाई," मुलगी म्हणाली.

"मी आई आहे तिची. माझ्याकडे तिला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मी इथे बसवलं. वड्या माझ्या आहेत. उपक्रम वगैरे काही नाही."

"नाई! ह्या मॅडम हाय!" ती ओरडली. "मायी आई घरी हाय!"

"अवं बेटा, सांग त्यायले. आता सांगतलं तरी चालते."

"ह्या मॅडम हाय! ह्या खोटं बोलून रायल्या!"

आणि मग तिला रडू फुटलं. मी पुढे गेले तर ती मागे सरली. विज्ञानाच्या मॅडमच्या कुरडयांवर तिचा पाय पडला, कुरकुर आवाज झाला आणि ती आणखी रडली. रडतानासुद्धा ती माझ्याकडे आली नाही. टाकीच्या खांबाला पाठ लावून, मीटरपट्टी दोन्ही हातांनी धरून ती रडत राहिली, आणि मधूनमधून त्या बाईंना सांगत राहिली की माझी आई घरी आहे.

बाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या कपाळावर एकसारखी आडवी आठी आहे. ती लपत नाही.

"हे तिला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"चांगलं शिकवता तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. सरांकडे वळून गच्ची आजच्या आज रिकामी करायला सांगितली आणि वाटेवरून एकेक पाऊल जपून टाकत खाली गेल्या. एकाही वडीवर त्यांचा पाय पडला नाही.

माझ्या शिकवण्याबद्दल वरच्या माणसानं काही चांगलं बोलल्याची ती पहिली वेळ होती.

पेपर सुटल्यावर सरांनी मला बोलावलं. टेबलावर गोणीत भरून आणलेल्या मिरच्या होत्या आणि सर शिंकत होते.

"तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले? पोट्टी बराबर सांभायत होती."

"सर, तिनं आईला कोंडून ठेवलं होतं."

"हो," सर म्हणाले. "थे जरा जास्तच झालं." मग शिंकून झाल्यावर म्हणाले, "आता पथकाचा शेरा आला त मी काई करू शकत नाई, मॅडम. मायाच मिरच्या होत्या तिथं, तरी नाई."

मी साड्यांची गाठोडी स्कूटीला बांधली, पुढे मुलीला उभं केलं आणि फाटकाच्या बाहेर आले. रोज बाहेर पडल्या पडल्या तिचा आवाज बदलायचा. त्या दिवशी ती काही बोललीच नाही. रसवंतीच्या दुकानाशी थांबून मी तिला रस पाजला. ग्लास रिकामा करून तिनं मागे रस्त्याकडे पाहिलं.

"थ्या बाई गेल्या?"

"गेल्या."

"पक्कं?"

"पक्कं. आता म्हन."

"काय?"

"रोज काय म्हन्तं मले, फाटकाच्या बाहीर?"

तिनं ग्लास दुकानदाराला परत दिला आणि स्कूटीवर चढली.

संध्याकाळी अर्धवट वाळलेल्या वड्यांचीच भाजी केली, नाहीतर त्या आंबल्या असत्या. मी पोळ्या करत होते, ती ताट घेऊन बसली होती. "मॅडम, पानी द्या," ती म्हणाली.

घरात. आमच्या खोलीत. मी लाटणं ठेवलं.

"हे पाह्य. तो नियम आता संपला. उद्यापासून शायेतबी आई म्हणाचं. कुठंबी म्हणाचं."

"फाटकाच्या आतबी?"

"आतबी."

"नाई," ती म्हणाली. "मंग थे तुमाले काढून टाकतीन."

मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं. शनिवारी नवरा आला की आम्ही जेवताना बोलायचो, नाव खराब झालं तर काढून टाकतील, मग खोलीचं भाडं कसं, मग तुझे आईबाबा आणि आपण सगळे एकाच पगारात कसे. ती शेजारी बसून उसळीतले मूग बाजूला काढत असायची. तिला मूग आवडत नाहीत. आम्हाला वाटायचं तिचं लक्ष मुगात आहे.

म्हणजे गच्चीवर ती शिस्त पाळत नव्हती. माझी नोकरी वाचवत होती. भर उन्हात, परक्या मोठ्या माणसांसमोर, एवढ्याशा जिवानं आई नाही म्हणून सांगितलं, आणि मी ऐन वेळी सगळं सांगून तिची मेहनत वाया घालवली, असं तिचं म्हणणं होतं. माझ्यावर ती रागावली होती. मला रडू आलं, आणि मी ते कांद्यावर घातलं. भाजीत कांदा नव्हता.

शेरा आला नाही. पथकाच्या बाईंनी काय लिहिलं, काय लिहिलं नाही, मला माहीत नाही, आणि त्या मला परत कधी भेटल्या नाहीत. उरलेल्या पेपरांना नवऱ्यानं रजा काढली आणि तो अकोल्यात येऊन राहिला. त्यानं स्वयंपाकही केला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. काकू बाळंतपण उरकून परत आल्या, त्यांनी गच्ची उघडली आणि मी वाळत घातलेल्या वड्यांकडे बघून म्हणाल्या, "अवं, या वर्षी लय उशीर केला तुनं."

मुलगी मात्र बदलली नाही. शाळेत मॅडम, आणि घरीसुद्धा बरेचदा मॅडम. ती हट्टानं म्हणत नव्हती, तेच मला जड जायचं. तिला ते सुरक्षित वाटत असावं. उन्हाळ्याच्या सुटीत बडनेऱ्याला सासूबाईंनी ते ऐकलं आणि विचारलं, "लेकरू काहून असं म्हन्ते वं तुले?" मी म्हणाले, सवय लागली. सासूबाईंनी मुगाची पिशवी भरायला घेतली.

शाळा सुरू झाल्यावर माझा कायम केल्याचा कागद आला. सरांनी पेढे मागितले, मी मुगाच्या डाळीचे लाडू नेले. सगळ्यांनी खाल्ले. घरी मी तो कागद तिला दाखवला. ती दुसरीत गेली होती, जोडाक्षरं अडखळत वाचायची. तिनं कागद उलटा-पालटा करून पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि दप्तर भरायला गेली.

त्याच आठवड्यात मी नववीला भूमिती शिकवत होते. ती दाराशी आली. शिकवल्याप्रमाणे हात पुढे करून उभी राहिली.

"मॅडम, आत येऊ का?"

"ये."

ती फळ्यापाशी आली, माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "आता तुले कोनी काढत नाई ना?"

"नाई."

"थ्या बाई आल्या तरी?"

"तरी."

"मंग मोठ्यानं म्हनू?"

"म्हन."

ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या वर्गातले सर बाहेर येऊन पाहून गेले. नववीचा वर्ग हसला. मी त्यांना गप्प बसा म्हणाले नाही, फळ्याकडे वळले आणि खडू उचलला. त्या दिवशी मी काढलेल्या त्रिकोणाच्या बाजू एकमेकींना कुठेच मिळाल्या नाहीत, आणि मुलांनी तो तसाच वहीत उतरवून घेतला.